दाराशी बसणे : काशीतील धरणे आणि अपराधाची गणना

काशीच्या पंचगंगा घाटाला दक्षिणेकडून लागून बालाजी घाट आहे. त्याच्या वरच्या अंगाला ग्वाल्हेर घाट व जटार घाट, आणखी पुढे भोसले घाट. खालच्या अंगाला दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट. नदीकाठचा हा पट्टा मराठी नावांनी आणि मराठी माणसांनी अठराव्या शतकापासून गजबजलेला आहे. पेशव्यांच्या आश्रयाची आठवण सांगणारे बालाजीचे मंदिर, ज्यात पुढे बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला, ते याच घाटावरचे. मराठी वाङ्मयात या परिसराची ओळख तीर्थयात्रा, दक्षिणा, वर्षासने आणि शास्त्रार्थ यांच्या अनुषंगाने होते. कायद्याच्या इतिहासात मात्र या नगरीला निराळेच स्थान आहे. एक जुना, सर्वमान्य लोकाचार येथे एका वर्षी अपराध ठरला. त्या आचाराचे नाव मराठी वाचकाला परके नाही. ते आहे ‘धरणे’.

आज धरणे म्हटले की जिल्हाधिकारी कचेरीसमोरचा मांडव, फलक आणि निवेदन डोळ्यांपुढे येते. जुन्या काळी त्याचा अर्थ अधिक नेमका आणि अधिक भयंकर होता. ज्याचे येणे आहे त्याने देणेकऱ्याच्या दाराशी जाऊन बसावे; काशीत हा बसणारा बहुधा ब्राह्मण असे आणि त्याच्या हाती विष किंवा कट्यार असे. तो अन्न घेत नसे. आणि तो उपाशी असेपर्यंत घरातल्यानेही जेवायचे नाही, बाहेर पडायचे नाही, असा दंडक होता. त्याला ओलांडून जाऊ पाहिले तर तो प्राण देईल आणि ब्रह्महत्येचे पातक घरमालकाच्या माथी बसेल, ही त्यामागची भीती. दोघांचे उपोषण समांतर चाले. ज्याचा धीर आधी सुटे त्याचा पक्ष पडे.

धर्मशास्त्राला हा मार्ग अगदीच अपरिचित नव्हता. ऋणवसुलीचे जे पाच उपाय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहेत त्यांत धर्म, व्यवहार, छल आणि बल यांच्याबरोबर ‘आचरित’ हाही एक आहे, आणि त्याचा संबंध दाराशी बसून अडवणूक करण्याच्या रीतीशी जोडला गेला आहे. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त तर प्रायोपवेशनावर लक्ष ठेवणारे अधिकारीच भेटतात. राजा यशस्कराच्या काळातली ती कथा प्रसिद्ध आहे : एका निर्धन झालेल्या माणसाने घर विकले, पण पायऱ्यांची विहीर तेवढी राखून ठेवली, विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने लेखकाला फितवून खरेदीपत्रातील ‘रहित’ या शब्दाच्या ‘र’चा ‘स’ करविला आणि विहीरही लाटली. न्यायासनांकडून दाद न मिळाल्याने तो माणूस प्राणत्यागाला बसला, अधिकाऱ्यांनी ती वार्ता राजाला कळविली, आणि एका अक्षराची लबाडी उघडकीस आली. येथे उपोषणाला बसणारा गुन्हेगार नाही. त्याचे बसणे ही राजाला मिळालेली सूचना आहे. राज्याचा कारभार कोठे तरी बिघडला आहे, हे त्यावरून राजाला कळते. धरण्याच्या पुढच्या इतिहासाकडे पाहताना ही दहाव्या शतकातली दृष्टी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठी मुलखात हा आचार तर सरकारदरबारी रुळलेला होता. मोल्स्वर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत धरणे, तकादा आणि त्रागा हे तिन्ही शब्द आढळतात, आणि त्या तिन्हींत एक चढती श्रेणी आहे. तकादा म्हणजे पिच्छा पुरविणे, धरणे म्हणजे दार अडविणे, त्रागा म्हणजे स्वतःला किंवा स्वतःच्या माणसाला इजा करून त्याचा दोष दुसऱ्यावर टाकणे. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात त्याने तकाद्याचे आणि धरण्याचे वर्णन कर्जवसुलीच्या नित्य साधनांत केले आहे. सावकार कुळाच्या दारी माणूस बसवी. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारी बसत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत खुद्द शिंद्यांच्या दाराशी फौजेच्या लोकांनी दिलेल्या धरण्याची हकीकत येते. राजाच्या डेऱ्यापुढे त्याचेच शिपाई उपाशी बसतात आणि राजा त्यांना बंडखोर म्हणत नाही, याचे त्या परक्या निरीक्षकाला नवल वाटले. छावणीतल्या मराठ्यांना ते तसे वाटले नसावे. पगार थकला, की धरणे आलेच.

आता काशीकडे वळावे. १७७५ मध्ये हा प्रांत कंपनीच्या ताब्यात आला. १७८१ मध्ये चेतसिंगाचा उठाव झाला आणि मोडला. १७८७ ते १७९५ या काळात जोनाथन डंकन तेथे रेसिडेंट होता. जमिनीचा सारा नव्याने ठरविणे, न्यायालयांची घडी बसविणे आणि १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा स्थापन करणे ही त्याची प्रमुख कामे. याच काळात धरणे प्रथम कंपनीच्या कागदांवर आले. ते ज्या रीतीने आले तीच या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात, १७९५ मध्ये, हिंदूंच्या काही असाधारण चालीरीतींविषयी एक निबंध लिहिला. त्यात एका ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. इंग्रजी वर्णांतरात तिचे नाव ‘बीनू’ असे पडले आहे आणि त्यापुढे बाई या शब्दाचे काही रूप आहे. मराठी कानाला ते ‘वेणूबाई’ वाटू लागेल, पण एवढ्यावरून तिचे घर दक्षिणेत नेणे बरे नव्हे. तिचा दीर बालकिशन याच्याशी तिचा मालमत्तेचा वाद होता. शिवाय ती जातीतून गेली आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण आधी पंचांपुढे गेले, मग काशीच्या न्यायालयात, मग अपिलात. निकाल तिच्या बाजूने लागला, पण तिला हवे होते तेवढे तिच्या पदरी पडले नाही. तेव्हा ती दिराच्या दारी धरण्याला बसली. काही दिवस उपवास झाल्यावर तोही घाबरला आणि दोघे मिळून शहरातल्या एका देवळात गेले. तेथेही उपवास चालूच राहिला. तेराव्या दिवशी बालकिशन नमला. तिने आपल्या जातीत बसण्याचा हक्क सिद्ध करून दाखवावा, म्हणजे तो जातिभोजनाचा खर्च देईल आणि तिची कर्जे फेडील, असा करार झाला. तिने आपली अट पुरी केली. त्याने भोजनाचा खर्च दिला. कर्जे मात्र फेडली नाहीत. म्हणून तिने पुन्हा दावा लावला, आणि त्या दाव्याच्या ओघात धरण्याची गोष्ट सरकारला कळली.

या शेवटच्या वाक्यावर थांबले पाहिजे. बालकिशनने कर्जे फेडली असती तर हे धरणे कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नसते. तेरा दिवस, आधी दाराशी आणि मग शहरातल्या देवळात, दोन माणसे उपाशी होती. शेजाऱ्यांना ते ठाऊक असणारच, पुजाऱ्यालाही असणार. अधिकाऱ्यांना ते कळले ते केवळ एका अपुऱ्या राहिलेल्या देण्यामुळे. जी धरणी पूर्ण यशस्वी झाली ती सारी अनोंद राहिली, आणि जी फसली किंवा अर्धवट राहिली तेवढी कागदावर आली. कागदांवरून जो कोणी काशीतील धरण्यांची संख्या काढू जाईल त्याच्या हाती धरण्यांची संख्या येणार नाही. फसलेल्या तडजोडींची येईल.

युरोपात हाच प्रश्न पुढे चाळीस वर्षांनी शास्त्राच्या भाषेत मांडला गेला. फ्रान्सने १८२७ पासून फौजदारी न्यायाचे वार्षिक आकडे छापावयास प्रारंभ केला. त्यांच्या आधारे गेरी याने १८३३ मध्ये नैतिक सांख्यिकीचा ग्रंथ लिहिला आणि १८३५ मध्ये बेल्जियमच्या क्वेतले याने मनुष्यविषयक आपला विख्यात प्रबंध सिद्ध केला. दरवर्षी अपराधांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते, हे पाहून क्वेतले चकित झाला. पण ज्ञात अपराध आणि घडलेले एकूण अपराध यांचे गुणोत्तर स्थिर आहे असे मानल्याखेरीज हा सारा हिशेब उभा राहत नाही, हेही त्याने सांगून ठेवले. नंतरच्या अभ्यासकांनी या न दिसणाऱ्या भागाला ‘काळा आकडा’ म्हटले. काशीच्या विधवेची कथा हा त्या काळ्या आकड्याचा एक तुकडा आहे, योगायोगाने उजेडात आलेला.

शोअरचा निबंध आणखी एका कारणाने वाचनीय आहे. धरण्याच्या दबावाखाली झालेला करार पाळावा की नाही, हे पंडितांना विचारले गेले आणि त्यांच्यात मतभेद झाला. काहींनी सांगितले की, न्याय्य येणे दुष्टपणाने अडविले असेल तर असा करार वैध आहे. इतरांनी सांगितले की, दबाव दूर झाल्यावर वचन देणाऱ्याने तो पुन्हा मान्य केला तरच तो वैध. शास्त्र जाणणाऱ्यांच्या मते वाद कराराच्या बळाविषयी होता. बसणे हा अपराध आहे की काय, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. तो प्रश्न शासनाने निर्माण केला आणि शासनानेच सोडविला. १७९५ च्या एकविसाव्या नियमाने काशी प्रांतात ब्राह्मणांनी धरणे देणे, ‘कूर’ रचणे, आपल्या स्त्रियांना वा मुलांना जखमी करणे किंवा मारणे, तसेच राजकुमार राजपुतांनी मुलींची हत्या करणे, या साऱ्याला एकत्र बंदी केली. उपाशी बसणे आणि बालिकेला मारणे ही एकाच नियमाच्या दोन कलमांत शेजारी आली. वर्गीकरणाचा हा संकर सहज घडलेला असेल, पण त्याचे परिणाम दूरगामी ठरले.

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. धरणे हा दुर्बलांचा पवित्र मार्ग होता असे चित्र रंगविणे सोपे आहे, आणि अलीकडच्या काही लेखनात ते रंगविलेही जाते. ‘कूर’ म्हणजे काय ते पाहिले की हे चित्र टिकत नाही. वर्तुळाकार कुंपणात लाकडे रचायची, त्यांत गाय किंवा म्हातारी बसवायची, आणि साऱ्यासाठी सरकारचा माणूस आला तर ते पेटवून देण्याची धमकी द्यायची. पातकाची भीती घालणारा एक, आणि चितेवर बसणारी दुसरीच. शोअरनेच दिलेल्या दुसऱ्या एका हकीकतीत दोघा ब्राह्मण भावांच्या घरातून चाळीस रुपये गेल्यावरून भांडण उद्भवते, आणि त्यांच्यापैकी एक आपल्या आईचे, तिच्याच संमतीने, नदीकाठी मस्तक उडवितो. हेतू हा की, चाळीस दिवस मोठा ढोल वाजवून चेतविलेला तिचा आत्मा प्रतिपक्षाला छळत राहावा. ही संमती कोणत्या प्रतीची होती, हे विचारावयास तेथे कोणी नव्हते. यांना आचार म्हणून सोडून देणे कोणत्याही न्यायबुद्धीला शक्य नव्हते. चूक होती ती या कृत्यांना एका विधवेच्या उपवासाच्या पंक्तीला बसविण्यात.

कारणमीमांसेतही शोअरचे मत अर्धेच पुरते. अंधश्रद्धा, असे त्याचे उत्तर आहे. ब्रह्महत्येचे भय असल्यामुळे धरणे लागू पडे, हे खरे. पण भय हे धरण्याच्या परिणामाचे कारण झाले, बसण्याचे नव्हे. विधवा बसली ती पंच, न्यायालय आणि अपील हे तिन्ही जिने चढून झाल्यावर. शिंद्यांचे शिपाई बसले ते पगार मिळेना म्हणून, आणि त्या शिपायांत सारेच ब्राह्मण नव्हते. सर हेन्री मेन याने १८७५ मध्ये आपल्या प्राचीन संस्थांच्या इतिहासात धरण्याची तुलना आयर्लंडमधील जुन्या कायद्यातल्या दारावरील उपोषणाशी केली. तेथे ब्रह्महत्या नव्हती, पण वरिष्ठाकडून येणे वसूल करण्याचा दुसरा मार्गही नव्हता. दोन्हीकडे समान आहे ती दाद मिळविण्याच्या साधनांची उणीव. काशीत राज्य बदलत होते, सारा बदलत होता, जुन्या इनामांची शाश्वती उरली नव्हती. अशा वेळी ज्याच्यापाशी शस्त्र नाही पण पावित्र्याची पत आहे तो तीच पत वापरतो. ही पत मात्र सर्वांपाशी सारखी नव्हती, हे विसरू नये. ब्राह्मणाच्या उपवासाने शहर हादरत असे. डोमाच्या उपवासाने कोण हादरले असते?

याचे उत्तर काशीनेच पंधरा वर्षांनी दिले. १८१० च्या पंधराव्या नियमाने शहरांतील घरांवर कर बसविण्यात आला. डिसेंबरच्या उत्तरार्धात काशीची दुकाने बंद झाली आणि लोक घरे सोडून मोकळ्या जागी धरण्याला बसले. डब्ल्यू. डब्ल्यू. बर्ड हा तेव्हा काशीचा हंगामी न्यायाधिकारी होता. अधिकाऱ्यांच्या पत्रांनुसार बसलेल्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. लोहार, मिस्त्री, जुलाहे, न्हावी, शिंपी, कहार अशा कामकरी जाती त्यात आघाडीवर होत्या. गावोगाव पत्रे फिरविण्यात आली. अंत्यसंस्कार करणारे लोकही कामावर आले नाहीत आणि प्रेते संस्कारावाचून गंगेत सोडली गेली. घाटांवरचे रोजचे जीवनच थांबले. १७९५ च्या नियमात ज्यांचे नावही नव्हते अशा लोकांनी, ब्रह्महत्येचे भय हाती नसताना, धरणे घातले आणि त्या भयाच्या जागी आपल्या श्रमाचा अभाव ठेवला. काशीच्या राजाने मध्यस्थी केल्यावर जमाव घरी परतला. १८१२ मध्ये तो कर मागे घेण्यात आला. या प्रकरणाचा सरकारी पत्रव्यवहार धर्मपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा असहकाराची मुळे शोधणाऱ्यांना तो मोठा ठेवा वाटला. अपराधाच्या गणनेचा विचार करणारालाही तो तितकाच मोलाचा आहे.

कारण येथे गणनेचे सारे प्रश्न एकदम उभे राहतात. धरणे हा अपराध आहे असे मानले, तर १८१० च्या डिसेंबरात काशीत किती अपराध घडले? वीस हजार? एक? की एकही नाही, कारण अखेर कर मागे घेऊन शासनाने त्यांचे म्हणणे मान्यच केले? समजा, वीस हजार धरले. मग ते किती लोकसंख्येत? शतकाच्या आरंभी कोतवालाच्या साहाय्याने केलेल्या अंदाजात काशीची वस्ती ५,८२,००० हून अधिक निघाली होती. टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८२८-२९ मध्ये काळजीपूर्वक मोजणी केली तेव्हा ती १,८०,००० च्या आसपास भरली. एका हिशेबाने शहरातील शंभरांतले साडेतीन लोक बसले होते, दुसऱ्याने अकरा. शहराची माणसे तीच आणि घटनाही तीच असताना भाजक बदलल्याबरोबर शांत नगरी बंडखोर होते. लाखामागे अमुक गुन्हे असे जे दर आज छापले जातात, त्यांतही मथळा अंशाला मिळतो आणि भाजकाकडे कोणी पाहत नाही.

भारतात १९५३ पासून अपराधांचा वार्षिक अहवाल निघत आहे आणि १९८६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अपराध नोंद संस्था तो पुढे काढीत आली आहे. तिच्या मोजणीचा एक नियम असा की, एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा गणला जावा. हिशेबाच्या सोयीचा हा नियम आहे आणि तो लपविलेला नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की, शोअरच्या कथेतल्या आईचा वध मोजला जाईल, आणि ज्या धमकीसाठी तो झाला ती धमकी त्याच्या सावलीत नाहीशी होईल. फिर्याद वाढली की गुन्हे वाढले असे म्हणण्याची घाई तर सार्वत्रिक आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य स्त्रियांना आले तरी आकडा वाढतो, आणि अत्याचार वाढले तरीही वाढतो. आकड्याच्या अंगावर यांपैकी कोणतेही चिन्ह नसते.

धरण्याचा पुढचा प्रवास विचित्र आहे. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेला जाणाऱ्यांच्या वाटेत धरणे घातले तेव्हा गांधीजींनी त्याला रानटीपणाचा जुना प्रकार ठरविले. दार अडविण्यात जी जबरदस्ती आहे ती त्यांना अहिंसेशी विसंगत वाटली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. त्यातही दार होते, अन्नत्याग होता आणि देवाच्या कोपाचा नव्हे तरी देवाच्या नावाचा संदर्भ होता. या दोन कृती एकाच शब्दाच्या पोटात घ्याव्यात की नाही, यावर समंजस माणसांत आजही एकमत होणार नाही, आणि तसे ते होण्याची गरजही नाही. बडव्यांच्या बाजूने पाहणाऱ्याला पंढरपुरात दबाव दिसला असेल. दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्यांना दबाव उलट्या दिशेचा वाटत होता.

कायद्याने मात्र आपला शब्द सोडलेला नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, जी १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, ५०८ वे कलम दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेण्याविषयीचे होते. त्याखाली उदाहरण दिले होते ते धरण्याचेच : ‘क’ हा ‘य’च्या दाराशी धरणे धरून बसतो, आपल्या बसण्याने ‘य’ दैवी कोपास पात्र होईल असा समज व्हावा या हेतूने. दुसरे उदाहरण होते, ‘क’ने स्वतःचे मूल मारण्याची धमकी देण्याचे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३५४ व्या कलमात तोच अपराध आहे, शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कारावासाची अथवा दंडाची अथवा दोन्हींची आहे, आणि खाली ती दोन्ही उदाहरणे अजून आहेत. काशीतली विधवा त्यांत ‘क’ झाली आहे आणि तिचा दीर ‘य’. तिचे येणे किती होते, ते कशाचे होते आणि कोणकोणत्या न्यायासनांपुढे जाऊन आल्यावर ती बसली, हे उदाहरणात आलेले नाही.